हरणाचं मटण: गोळी लागल्यापासून फ्रीजरपर्यंत (विस्कॉन्सिन, अमेरिका)

उत्तरवारा

नोव्हेंबर लागला की इकडे विस्कॉन्सिनात ऑफिसात, पेट्रोल पंपावर, किराण्याच्या रांगेत एकच विषय असतो. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. आपल्या मंडळींत रीतसर परवाना काढून शिकारीला जाणारे आता बरेच झालेत. जे जात नाहीत त्यांच्याही दारात एखादा गोरा शेजारी प्रेमाने मटणाची पिशवी ठेवून जातो. मग मला फोन येतात: "मसाला कुठला घालू? उग्र वास कशाने जाईल?"

म्हणून हा धागा. माझं ठाम मत आहे की हरणाचं मटण चांगलं लागणार की नाही, हे स्वयंपाकघरात ठरतच नाही. जनावर पडल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत ते ठरून गेलेलं असतं. लोक ज्याला "जंगली वास" म्हणतात तो बहुतेक वेळा हरणाचा नसतोच, हयगयीचा असतो. नीट हाताळलेलं हरीण बोकडापेक्षाही सौम्य लागतं.

मटणाचे वैरी तीन: उष्णता, ओल आणि घाण. त्यात उष्णता सगळ्यात वाईट. हिवाळ्यात हरणाच्या अंगावरचे केस पोकळ असतात, त्यामुळे आतली ऊब बाहेर पडत नाही. जिवंतपणी जो कोट त्याला थंडीतून तारतो तोच मेल्यावर मांस आतून उबवत ठेवतो. बाहेर बर्फ पडतंय म्हणून निर्धास्त राहू नका. सगळ्यात आधी मांस आंबतं ते खुब्याच्या सांध्यापाशी, हाडालगत. मांडी जाड, आत हाड, तिथली ऊब सर्वांत शेवटी निघते. वरून लालबुंद आणि सुंदर दिसणारी मांडी कापली आणि हाडापाशी हिरवट झाक नि आंबूस वास आला, असं होतं ते यामुळे.

म्हणून पोट जागेवरच साफ करायचं. घरी नेऊन, फोटो काढून, चहा पिऊन मग नाही. हरीण उताणं करायचं. छातीच्या हाडाखाली चामडीला लहानशी चीर द्यायची, डाव्या हाताची दोन बोटं आत घालून कातडी आतड्यांपासून वर उचलून धरायची आणि पातं त्या दोन बोटांच्या मधून, धार आकाशाकडे ठेवून, खाली सरकवत न्यायचं. धार वर असली की आतडं फाटत नाही. सगळं कौशल्य इतकंच आहे. कोथळा किंवा मूत्राशय फुटलं की त्यातलं सगळं पाठीच्या आतल्या बाजूच्या मऊ मांसावर सांडतं, आणि जनावरातलं सर्वांत कोवळं मांस तेच. मग छाती आणि पोट यांच्यामधला पडदा कडेने कापायचा, आत हात घालून श्वासनलिका जितकी वर पोचेल तितकी वर तोडायची, म्हणजे सगळं एकत्र बाहेर येतं. जनावर पालथं करून रक्त निथळू द्यायचं. बरगड्यांमध्ये आडवी काठी लावून पोट उघडं ठेवायचं, हवा खेळली पाहिजे.

पुढचं लक्ष्य एकच: मांस ४० अंश फॅरनहाइटच्या (४ सेल्सिअस) खाली आणणं, जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर. दिवसाचं तापमान ४० च्या वर जाणार असेल तर कातडी लगेच सोला. कडाक्याची थंडी असेल तर कातडी राहू द्या, नाहीतर मांस वरून वाळून, गोठून कडक होतं. गॅरेजात टांगत असाल तर तिथे थर्मामीटर लावा. "थंड वाटतंय" हे माप नव्हे, दुपारी उन्हात गॅरेजचं दार तापतं.

३४ ते ३८ अंश फॅरनहाइटमध्ये आठवडाभर टांगलं तर मांस मऊ पडतं. तेवढी थंडी कायम राखता येत नसेल तर मुरवायच्या नादी लागू नका, कापून फ्रीजरात टाका. मात्र मेल्यानंतर शरीर ताठरतं तो ताठरपणा उतरू द्या, साधारण एक दिवस. त्याआधीच गोठवलेलं मांस चामड्यासारखं होतं.

प्रश्न विचारा, जमेल तसं उत्तर देतो.

---

रेवा_टेक्सास

अत्यंत गरजेचा धागा. पण आमच्याकडे सॅन अँटोनिओच्या बाजूला नोव्हेंबरातही दुपारी ८० अंश असतं, टांगण्याचा प्रश्नच येत नाही. इथली पद्धत सांगते. जागच्या जागी सोलून चार फरे वेगळे करायचे, पाठीचे पट्टे आणि मान काढायची, आणि सगळं मोठ्या कूलरमध्ये बर्फावर. कूलर तिरपा ठेवायचा आणि खालचं बूच उघडं सोडायचं, म्हणजे वितळलेलं पाणी निघून जातं. आमच्यातले बरेच जण बूच बंद ठेवतात आणि मांस दोन-दोन दिवस त्या गुलाबी पाण्यात पोहतं. पांढरं फटक, बेचव मांस होतं आणि एका तुकड्याची घाण सगळ्यांना लागते. मी तळाला जाळी ठेवते, मांस पिशव्यांत घालते, बर्फ खाली-वर दोन्हीकडे.

---

उत्तरवारा

@रेवा_टेक्सास, हे मूळ लेखातच यायला हवं होतं. आमच्याकडेही तिरकमठ्याचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो, तेव्हा हवा तुमच्यासारखीच असते. सकाळी बाण मारून संध्याकाळपर्यंत हरीण झाडाखाली ठेवणारे पाहिले की जीव कळवळतो. एक जीव घेतलात ना, मग तो वाया जाऊ नये याची जबाबदारी तुमची.

---

आजोळ_सांगली

आमच्याकडे मटण आणलं की आधी दोन-तीन पाण्यांतून स्वच्छ धुतात, मग हळद-मीठ. हरणाचं धुवायचं की नाही? काही जण रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा म्हणतात, काही ताकात.

---

उत्तरवारा

शिजवायच्या दिवशी काय करायचं ते तुमच्या घरच्या रीतीने करा. ताकात किंवा दह्यात फ्रिजमध्ये ठेवलेलं मांस मऊ होतं, चवही छान येते. पण मांस साठवायचं असताना पाणी नको. ओल्या पृष्ठभागावर जंतू वाढतात, कोरड्यावर त्यांना ते जड जातं. टांगलेल्या मांसावर वाऱ्याने पातळ कोरडी साय धरते, ती उत्तम. केस, शेण, कोथळ्यातलं काही लागलं असेल तर पाण्याने पसरवू नका, सुरीने तो भाग बोटभर जाडीचा कापून टाका. अगदी धुवावंच लागलं तर लगेच कागदी रुमालाने कोरडं करा.

आणि चरबी. बोकडाची चरबी आपण आवडीने ठेवतो, हरणाची ठेवू नका. मेणासारखी असते, टाळूला चिकटते, आणि फ्रीजरमध्येही खवट होते. चरबी आणि मांसावरचा पांढरा चकचकीत पडदा निगुतीने काढला की "उग्र वासाच्या" निम्म्या तक्रारी संपतात.

---

डॉ_मेघना

अन्नातले जंतू हाच माझ्या कामाचा विषय, म्हणून थोडं सविस्तर.

४० ते १४० अंश फॅरनहाइट (४ ते ६० सेल्सिअस) हा धोक्याचा पट्टा. त्यात अनुकूल परिस्थितीत काही जंतू वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात. आपल्या लोकांचा एक समज मला नेहमी ऐकू येतो: "आपण कुकरला चार शिट्ट्या करतो, सगळं मरतं." जंतू मरतात हे खरं. पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उष्णतेला दाद देत नाही. स्टॅफिलोकोकसचं विष उकळूनही टिकतं. मांस तासन् तास उबेत पडून राहिलं असेल तर कुकर ते परत चांगलं करू शकत नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण वास झाकतं, विष नाही.

दुसरं, व्हॅक्यूम पॅक. हवा काढली म्हणजे मांस सुरक्षित झालं असं नाही. बॉट्युलिझमचा जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतो. व्हॅक्यूम पाकीटसुद्धा फ्रीजरमध्येच ठेवायचं, आणि वितळवायचं ते फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही.

तापमानं लिहून ठेवा: खिमा १६० अंश (७१ सेल्सिअस), पक्षी १६५ (७४ सेल्सिअस). रस्सा, सुकं, कुकरचं मटण या तापमानांच्या वरच जातं. खरी काळजी सीख कबाब, शामी कबाब आणि ग्रिलवरच्या तुकड्यांची. वरून करपतं, आत कच्चं राहतं. साधा टोचायचा थर्मामीटर घ्या, डोळ्यांवर विसंबू नका.

---

भीमथडी

आमच्या आजीच्या हातच्या चान्या आठवल्या. मांसाच्या लांब पट्ट्या, मीठ-हळद लावून दोरीवर उन्हात वाळवलेल्या, मग पावसाळ्यात भाकरीबरोबर. ज्यांच्या घरी फ्रिज नव्हता त्यांनी ही विद्या जपली. इथले लोक जर्की म्हणतात ते हेच ना? हरणाच्या चान्या घालायचा विचार आहे.

---

डॉ_मेघना

नातं अगदी खरं आहे. पण आजीकडे जे होतं ते तुमच्याकडे असेलच असं नाही. एप्रिल-मे महिन्यातलं कोरडं, रखरखीत ऊन, पातळ पट्टी, भरपूर मीठ, आणि खाण्याआधी पुन्हा विस्तवावर भाजणं किंवा शिजवणं. जर्की न शिजवता तशीच चघळतात, फरक इथे पडतो. १९९५ मध्ये ऑरेगॉन राज्यात घरी केलेल्या हरणाच्या जर्कीतून ई. कोलाय ओ१५७ या जंतूची साथ पसरली होती. घरगुती वाळवणी यंत्रातली कोमट हवा मांस वाळवते, पण जंतू मरत नाहीत. उलट कोरडे झालेले जंतू उष्णतेला जास्त चिवट होतात. म्हणून आधी पट्ट्या १६० अंशांपर्यंत गरम करा, मग वाळवा. आजीसारख्या करून रश्श्यात उकळून खाणार असाल तर उत्तमच.

---

हिरवा_डोंगर

लिहू की नको असा विचार करत होतो. एवढं सुंदर जनावर मारायचं आणि मग त्याचे फरे-पट्टे याची चर्चा, मन धजत नाही. अमेरिकेत मांसाची कमतरता आहे का?

---

उत्तरवारा

तुमच्या भावनेचा आदर आहे आणि तुम्ही लिहिलंत हे बरं झालं. इकडची परिस्थिती वेगळी आहे. दक्षिण विस्कॉन्सिनात लांडगे-कूगर राहिले नाहीत, मक्याची शेती अफाट, हरणांची संख्या त्यामुळे फुगलेली. ती जंगलातली रोपटी खाऊन टाकतात आणि रोज रस्त्यावर गाड्यांखाली मरतात. किती हरणं मारायची याचे परवाने राज्य दरवर्षी ठरवतं. हे सगळं मान्य करूनही तुम्हाला शिकार नको वाटली तर ते समजतं मला. पण शिकार झाल्यावर मांस सडू देणं याला मात्र कुठलंच समर्थन नाही, इथे आपण दोघं एकाच बाजूला आहोत.

---

देवगडचा_बाळा

आमच्या बागेत रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडलाय. हे सगळं रानडुकराला लागू पडतं काय?

---

उत्तरवारा

बाळा, नाही. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. शिकार तर गुन्हाच, पण नुसतं मांस घरात सापडलं तरी गुन्हा. पिकाची नासधूस करणाऱ्या रानडुकराबद्दल वनखात्याकडे रीतसर अर्ज करता येतो, पण परवानगी मिळाली तरी ते खायची मुभा नसते. हा धागा फक्त जिथे शिकार कायदेशीर आहे तिथल्यासाठी. कृपया इथे गावाकडच्या शिकारीचे किस्से लिहू नका. आणि इकडच्यांनो, भेट मिळालेलं हरणाचं पाकीट बॅगेत घालून भारतात न्यायचा विचारही करू नका. इथेही रानातल्या हरणाचं मांस विकता येत नाही, फक्त देता येतं.

---

सायली_मॅडिसन

शेजारच्या काकांनी खिम्याची पाकिटं दिलीत. घरात दोन लहान मुलं आहेत. ऑफिसमध्ये कुणीतरी म्हणालं की इथल्या हरणांना मेंदूचा रोग आहे. टाकून देऊ का? काकांना वाईट वाटेल.

---

उत्तरवारा

सायली, तुझा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि मॅडिसनमध्ये तर जास्तच.

त्या रोगाला इथे सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) म्हणतात. १९६७ मध्ये कोलोराडोत पहिल्यांदा दिसला, विस्कॉन्सिनात २००२ मध्ये सापडला, तोही तुमच्याच बाजूला, माउंट होरेबच्या परिसरात. प्रिऑन नावाचं बिघडलेलं प्रथिन याला कारण असतं. शिजवून, गोठवून ते जात नाही. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण ज्या हरणात रोग सापडला ते खाऊ नये असा आरोग्य खात्याचा स्पष्ट सल्ला आहे. हरीण दिसायला ठणठणीत असतानाही रोग असू शकतो, त्यामुळे "काका म्हणाले चांगलं होतं" एवढ्यावर भागत नाही.

तपासणी राज्य फुकट करतं. हरणाच्या घशामागच्या लसिका ग्रंथींचा नमुना द्यायचा, निकालाला दोनेक आठवडे लागू शकतात. तोवर मांस फ्रीजरमध्ये वेगळं ठेवायचं आणि प्रत्येक पाकिटावर त्या हरणाचा नंबर लिहायचा. तेव्हा काकांना मोकळेपणाने विचार: "तपासणी केली होती का?" इथे हा प्रश्न कुणाला खटकत नाही, उलट जाणकार माणूस खूश होतो. खाटकाकडून खिमा करून घेतला असेल तर हेही विचार की त्यांचं हरीण वेगळं दळलं की चार-पाच जणांचं एकत्र. एकत्र दळलेलं असेल तर एका हरणाच्या निकालाचा काही उपयोग नाही. निकाल मिळेपर्यंत थांब, टाकायची घाई नको.

कापणाऱ्यांसाठी: हातमोजे घाला. मेंदू, पाठीच्या कण्यातली दोरी, डोळे, प्लीहा, टॉन्सिल, लसिका ग्रंथी यांना हात लावू नका, कणा करवतीने कापू नका. मांस हाडावरून सोडवून घ्या. आपल्याला नळी चोखायची सवय, पण सीडब्ल्यूडीच्या भागातल्या हरणाची नळी सोडून द्या. सुऱ्या आधी घासून पूर्ण स्वच्छ करा, मग घरगुती ब्लीच दोन भाग आणि पाणी तीन भाग अशा मिश्रणात पाच मिनिटं बुडवा. प्रयोगशाळेत पोलादाच्या पृष्ठभागावरचे प्रिऑन इतक्याने निष्प्रभ झालेत. पण मांसाचा कण चिकटून राहिला असेल तर ब्लीच आतवर पोचत नाही, म्हणून घासणं आधी.

लहान मुलं आहेत म्हणून आणखी एक विचारायला हवं: गोळी कसली होती. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे बारीक कण जखमेपासून फूटभर लांब उडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, दाताला लागत नाहीत, आणि खिम्यात जास्त सापडतात. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात अन्नछत्रांना दान आलेला हरणाचा खिमा याच कारणाने थांबवला होता. लहान मुलं आणि गर्भवती बायकांना शिशाच्या गोळीचं मांस देऊ नये. काका तांब्याची गोळी वापरत असतील तर ही चिंता मिटली. मारणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: तांब्यावर या. आणि जखमेभोवतीचं रक्त साकळलेलं मांस काढताना हात आखडू नका. धुतल्याने कण जात नाहीत, दुसरीकडे पसरतात.

---

सायली_मॅडिसन

खूप आभार. विचारलं. तपासणी झाली आहे, रोग नाही, आणि मांस काकांनी घरीच स्वतःच्या यंत्रात दळलंय. पण गोळी शिशाची. मुलांना देणार नाही.

---

कलेजीप्रेमी

कलेजीचं कुणी बोलतच नाही! ताज्या हरणाची कलेजी, काळी मिरी, लोखंडी तवा.

---

उत्तरवारा

ताजी असेल तर खरोखर अप्रतिम. पण कलेजीत शरीरातलं बरंच नको ते साठतं. मॅरिनेट शहराच्या परिसरातल्या हरणांची कलेजी पीएफएएस या सहजासहजी नष्ट न होणाऱ्या कारखानी रसायनांमुळे खाऊ नये असा सल्ला राज्याने २०२० मध्ये दिला. तुम्ही जिथे शिकार करता तिथले सल्ले आधी वाचा. बाहेर काढल्याबरोबर कलेजी वेगळ्या पिशवीत बर्फावर, कारण सगळ्यात लवकर खराब होते ती हीच. कापून पाहा: रंग एकसारखा, पृष्ठभाग गुळगुळीत हवा. गाठी, पू, चपटे किडे दिसले तर टाकून द्या. सशाच्या कलेजीवर बारीक पांढरे ठिपके दिसले तर तो अख्खा ससा टाका. टुलारेमिया हा जंतूंचा रोग असू शकतो, आणि तो सोलतानाच माणसाला लागतो.

---

मिनेसोटाची_माई

आमच्याकडे एकाने अस्वलाचं मांस आणलंय. महिनाभर खोल फ्रीजरात आहे, म्हणजे किडे मेले असतील ना? आम्ही शाकाहारी आहोत, पण त्यांच्याच ग्रिलवर आमच्या भाज्या भाजायच्या म्हणतात.

---

डॉ_मेघना

माई, कृपया नको. डुकराच्या मांसातला ट्रायकिनेला हा किडा गोठवून मरतो, पण थंड प्रदेशातल्या अस्वलात त्याची जी जात असते ती गोठण्याला दाद देत नाही. २०२२ मध्ये साउथ डकोटात एका कुटुंबाने कॅनडातल्या अस्वलाचे कबाब केले. मांस ४५ दिवस गोठवलेलं होतं. गडद रंगामुळे कच्चेपणा कळला नाही. सहा जण आजारी पडले आणि त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्यासोबत भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. तुमच्या भाज्या वेगळ्या भांड्यात, वेगळ्या विस्तवावर, वेगळ्या चिमट्याने. आणि त्यांना सांगा, अस्वल आतपर्यंत १६५ अंशांवर शिजवा.

---

रेवा_टेक्सास

फ्रीजरबद्दल एक. सगळं मांस एका दिवशी कोंबू नका. फ्रीजरच्या एका घनफुटाला एका दिवसात चार पौंडांपेक्षा जास्त ताजं मांस घातलं तर मधलं नीट गोठायला वेळ लागतो आणि आधीचंही कोमट होतं. पाकिटं चपटी करा, पसरून ठेवा, गोठली की मग रचा. शून्य फॅरनहाइटला (उणे १८ सेल्सिअस) मोठे तुकडे वर्षभर चांगले राहतात, खिमा तीन-चार महिन्यांत संपवा. तारीख, भाग आणि हरणाचा नंबर, तिन्ही लिहा.

---

नवखा_ग्रीनबे

माफ करा, घाईचं आहे. सहकाऱ्याने आज सकाळी मारलेल्या हरणाची अख्खी मांडी दिलीय, कातडी काढलेली, तपासणीचा नमुना दिलेला. कूलरमध्ये बर्फावर आहे. माझा फ्रिज लहान आहे. आता काय करू?

---

उत्तरवारा

आधी कूलरमधलं पाणी सोडा. थर्मामीटर हाडापर्यंत टोचून वाचा. ४० च्या खाली असेल तर रात्रभर बर्फावर राहू दे, बर्फ भरत राहा. उद्या मांडीतले स्नायू शिवणीप्रमाणे वेगळे करा, पडद्यांच्या रेषा दिसतात, करवत लागत नाही. खुब्यापाशी वास घ्या. दोन-तीन दिवसांत खाणार तेवढं फ्रिजमध्ये, बाकी चपट्या पाकिटांत फ्रीजरला, वर नंबर. निकाल येईपर्यंत शिजवू नका, म्हणजे खरं तर उद्याच सगळं गोठवा.

---

नवखा_ग्रीनबे

हाडाशी ३७ दाखवतोय. पाणी काढलं, बर्फाच्या आणखी दोन पिशव्या आणल्या. शेजारच्या मराठी कुटुंबाचा मोठा फ्रीजर आहे, त्यांना विचारतो. स्नायू वेगळे करताना अडलो तर फोटो टाकेन.